न उघडलेली एकतीस खोकी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपला अंक हातात घेतला आणि पहिलं पान शोधत बसले. वर एक पान मोबाइलचं, ते उलटलं तर सोन्याच्या मजुरीवर सवलत, ते उलटलं तर फ्रिज आणि वॉशिंग मशीन. चौथ्या पानावर आपलं नाव सापडलं आणि बातम्या सुरू झाल्या. आत एका कोपऱ्यात सणासुदीत खर्चाला आवर कसा घालावा यावर लहानसा लेख होता. चांगला होता, म्हणून कापून ठेवला. कापल्यावर पाहिलं तर मागच्या बाजूला अर्धा सोफा आला होता आणि त्याखाली 'आज घरी न्या, पैसे पुढच्या वर्षी'.

तक्रार म्हणून हे लिहीत नाही. पेपर एवढ्या कमी पैशांत दारात पडतो तो जाहिरातींच्या जिवावर, हे ३४ वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेल्या बाईला कळतं. पण त्या लेखातलं एक मला टोचलं. लेखकाने सगळा भार माणसाच्या मनावर टाकला होता. मोह आवरा, गरज आणि हौस यांत फरक करा, वगैरे. आमच्या पिढीने मोह आवरला असं काही नव्हतं हो. आमच्या खरेदीत वेळ जायचा, इतकंच. तो मधला वेळ कोणीतरी काढून घेतला आहे, आणि तो परत कसा घालायचा या खटपटीत मी गेले पाच महिने आहे. त्याबद्दल हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री चालवा.

आमची ठाण्याच्या पाचपाखाडीतली इमारत गेल्या वर्षी पुनर्विकासाला गेली. १९८१ चं बांधकाम, चार मजले, लिफ्ट नाही. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सामान हलवणाऱ्यांचा मुलगा घर बघायला आला, माळ्यावर बॅटरी मारली, कॉटखाली वाकला आणि म्हणाला, 'काकू, नव्वद बॉक्स धरा.' मला हसू आलं. एवढ्याशा घरात नव्वद? शेवटी शहाण्णव भरले.

बँकेची सवय जात नाही. प्रत्येक खोक्यावर मी मार्करने आकडा घातला आणि कुठल्या आकड्यात काय, ते वहीत उतरवलं. सध्या आम्ही मानपाड्याला चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. तेरा महिने झाले. त्यातली एकतीस खोकी अजून उघडलेली नाहीत. मागच्या खोलीत भिंतीला लावून छतापर्यंत रचली आहेत, वरून जुनी चादर टाकली आहे. नातू त्याला डोंगर म्हणतो.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली होती, काही सुचेना, म्हणून ती वही घेऊन बसले. थोडं जसंच्या तसं लिहिते.

'खोकं ४७. सँडविच टोस्टर. हँड ब्लेंडर. सोऱ्या (दुसरा). टेबलाला लावायची खवणी. दही लावायचं इलेक्ट्रिकचं भांडं.' दही लावायला इलेक्ट्रिकचं भांडं! आमच्याकडे चार पिढ्या दही विरजणाने लागत आलं आहे, आणि ठाण्याच्या हवेत ते लागायला फारसं काही करावंही लागत नाही.

'खोकं ५२. पाण्याच्या बाटल्या, ११.'

'खोकं ६०. कापडी पिशव्या, ३८.' ही माझी खास कमाई. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली तेव्हापासून मी पिशवी घरी विसरते आणि पर्यावरणासाठी वीस रुपयांची नवी घेते.

'खोकं ७१. यांचं. ड्रिल, ड्रिलची पाती, टॉर्च ३, गाडी धुवायचा पंप.' गाडी आम्ही २०१९ मध्ये विकली. खरेदीचं वेड म्हटलं की लोक बायकांकडे बघतात, म्हणून हे खोकं मुद्दाम नोंदवते. पंप अजून सीलबंद आहे.

तेरा महिन्यांत या एकतीस खोक्यांतली एकही वस्तू कोणी मागितली नाही. नाही म्हणायला एक मागितली गेली, ती मीच. गाजरं किसायची होती. घरात दोन किसण्या आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, एक डोंगरातल्या कुठल्याशा खोक्यात होती आणि दुसरी सापडत नव्हती. वही काढून आकडा शोधायचा, चादर बाजूला करायची, वरची चार खोकी उतरवायची, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. मी फोन उचलला. तिसरी किसणी नऊ मिनिटांत दारात आली. गाजरं धुऊन होईपर्यंत.

ही नऊ मिनिटं माझ्या डोक्यातून जाईनात.

आमच्या घरी किराणा कसा यायचा ते आठवू लागले. बिंदुमाधव जोशी यांनी उभ्या केलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, हे आपल्या जुन्या वाचकांना सांगायला नको. आमच्या इमारतीतल्या बारा घरांचा तिच्यात एक संघ होता. छापील यादी यायची. तूरडाळ, शेंगदाणे, साबण, चहा, ज्याच्यापुढे जितकं हवं तितकं लिहायचं, आणि ते सामान यायचं पुढच्या महिन्याला. सगळ्या संघाचं मिळून एका घरी उतरायचं, मग आम्ही बायका जमून आपापलं मोजून घ्यायचो. म्हणजे जूनमध्ये किती चहा लागेल हे मे महिन्यात ठरवायचं. अंदाज चुकला तर वीस तारखेपासून चहा पुरवून पुरवून करायचा, नाहीतर शेजारी वाटी घेऊन जायचं.

अंदाजाचं खातं सासूबाईंकडे होतं. यादी भरायच्या दिवशी त्या फडताळासमोर पाट टाकून बसायच्या. डबे उघडायच्या नाहीत. बोटाच्या पेराने डब्यावर वरून खाली टकटक करत यायच्या. रिकाम्या भागाचा आवाज टणटणीत, भरलेल्या भागाचा बद्द. आवाज जिथे बदलेल तिथे बोट टेकवून सांगायच्या, 'रवा निघेल अजून महिनाभर. नको लिहू.' मी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे कच्ची यादी लिहायची, त्या खोडायला लावायच्या. शेवटी जे उरायचं ते पंचायतीच्या कागदावर चढायचं. मला त्यांचा राग यायचा. नवी नवरी होते, मला बाजारात दिसलेलं ते कस्टर्ड पावडरचं खोकं हवं होतं. दोन महिने खोडलं गेलं. तिसऱ्या महिन्यात मीच विसरले.

पंचायतीत न मिळणारं सामान जांभळी नाक्याच्या बाजारातून. जे लोक तिथून भुसार घेऊन रिक्षाच्या रांगेपर्यंत चालले आहेत त्यांना माहीत असेल, दोन्ही हातांत पिशव्या, बोटांवर बंदाचे वळ, आणि दर पन्नास पावलांवर पिशवी खाली ठेवून हात बदलायचा. पाच किलोच्या वर काही घ्यायचं तर आधी खांद्याला विचारावं लागे. शिवाय गल्ल्यावर बसलेला शेठ आपल्याला ओळखायचा. 'वहिनी, मागच्याच आठवड्यात तर नेलंत,' असं तो चारचौघांत म्हणायचा. आपला माल खपावा असं त्यालाही वाटत असणार, तरी म्हणायचा.

हे सगळं गोड करून सांगण्यात मला रस नाही. रॉकेलच्या रांगेत मी उभी राहिले आहे, रेशनच्या पामतेलाचा वास अजून नाकात आहे, आणि आम्ही साधेपणाने राहायचो याचं मुख्य कारण पगार अठरा तारखेला संपायचा. शिवाय आम्ही काही थोडंथोडंच घ्यायचो असंही नाही. मे महिन्यात गव्हाची पोती यायची, वर्षाचं तिखट, हळद, गोडा मसाला कुटून व्हायचा, सगळ्या घराला ठसका लागायचा. साठवण भरपूर असायची. फक्त ती कधी आणि किती, हे सहा महिने आधी ठरलेलं असायचं.

आता त्या वाटेत काय काय होतं ते पाहा. पगाराची तारीख होती, यादी होती, सासूबाईंचं बोट होतं, दुकानाची वेळ होती, शेठ होता, खांदा होता. वस्तू हवीशी वाटली त्या क्षणापासून ती हातात पडेपर्यंत या सहा जणांना ओलांडावं लागे. निम्म्या वस्तू वाटेतच गळून पडत. आज फोनवर यांतलं कोणीच नाही. आणि ते आपोआप गेलेलं नाही, त्यांना हुसकून लावलेलं आहे.

हे माझं म्हातारपणाचं कुरकुरणं नाही, सरकारनेच लिहून ठेवलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात गिऱ्हाइकाला गोंधळात टाकून खरेदी करायला लावण्याच्या तेरा युक्त्या एकेक करून नोंदल्या आहेत. मी ती यादी छापून घेतली आणि मे महिन्यातच तूप मागवताना शेजारी ठेवली. एका ॲपवर, नाव कशाला घ्या, तुपाच्या बरणीखाली लाल अक्षरांत 'फक्त २ शिल्लक' होतं. यादीत पहिलीच युक्ती ती, खोटी घाई. रात्री पुन्हा पाहिलं, २ शिल्लक. दुसऱ्या दिवशी सकाळीही २ शिल्लक. पैसे भरायच्या पानावर गेले तर मी न टाकलेली दहा रुपयांची देणगी टोपलीत बसलेली. ही दुसरी. बरणीची किंमत पहिल्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर हाताळणी शुल्क, छोट्या खरेदीचं शुल्क आणि पावसाचं शुल्क धरून निराळी. ही आणखी एक. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. शेवटी वर्षभराच्या सभासदत्वाची चौकट आली. ती बंद करायला जे बटण होतं त्यावर लिहिलं होतं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत.' हसू आलं आणि चीडही आली. शेठ निदान उलटं बोलायचा.

ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मी फोन केला, पावसाच्या पैशांची तक्रार नोंदवली. पैसे परत आले. रक्कम पंधरा रुपये. यांनी विचारलं, पंधरा रुपयांसाठी एवढा खटाटोप? मी म्हटलं, बँकेत दिवसाच्या हिशेबात पंधरा पैसे कमी आले तरी आम्ही उठत नव्हतो.

हप्त्यांबद्दल मात्र मला हक्काने बोलता येतं. 'बिनव्याजी हप्ते' हे शब्द वाचले की मला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ ला बँकांना पत्रक काढून बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वातच नाही. त्यानंतर 'शून्य टक्के' गेलं आणि 'नो कॉस्ट' आलं. त्यात होतं असं की तीस हजारांचा फोन सहा हप्त्यांत, पाच-पाच हजारांनी. कार्डावरचा व्याजदर १५ टक्के धरला तर बँक मुद्दल लावते साधारण २८,७३० आणि व्याज १,२७०. व्याजाएवढी सूट विकणारा देतो, म्हणून बेरीज तीस हजार. पण त्या १,२७० वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २२९ रुपये, ते आपले. वर प्रक्रिया शुल्क असतं, त्यावर परत जीएसटी. तीन-चारशे रुपये ही मोठी रक्कम नाही, मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. पूर्वी तीस हजार साठवायला वर्ष लागायचं, आणि वर्षभरात कितीदा तरी मन बदलायचं. ते वर्षच हप्त्याने विकत घेतलं.

आमच्या घरचंच सांगते. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हे पेपर हातात घेऊन म्हणाले, टीव्ही दहा टक्क्यांनी उतरला. उतरला नव्हता. १२८ चे ११८ होतात तेव्हा किंमत पावणेआठ टक्क्यांनी उतरते. पंचेचाळीस हजारांचा टीव्ही साडेएकेचाळीसला. साडेतीन हजार वाचवायला साडेएकेचाळीस हजार काढायचे, आणि भिंतीवरचा जुना टीव्ही चालू. दोन दिवस घरात शांतता होती. टीव्ही आला नाही.

आता दुसरी बाजू. मी हे सगळं एका रात्री सुनेला ऐकवलं. ती अंधेरीला नोकरी करते, मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल, मग स्टेशनहून मानपाड्यापर्यंत घोडबंदर रोडची रखडपट्टी. ती पोळी मोडता मोडता शांतपणे म्हणाली, 'आई, तुमची बँक सुटली की तुम्ही चालत सहाला घरी. मी नऊला दारात येते. बाळाच्या डब्याला पोहे नाहीत हे मला साडेनऊला कळतं. मी कुठल्या नाक्यावर जाऊ?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. दहा मिनिटांत पोहे मिळण्याला माझा विरोध नाही. किसणी मिळण्याला आहे. आणि मला हेही कबूल करायला हवं की जुन्या व्यवस्थेतला तो सगळा वेळ बायकांचा जायचा. डब्यांवर टकटक सासूबाई करायच्या, सासऱ्यांनी कधी केली नाही.

उपाय सुनेनेच काढला. फ्रिजच्या दाराला दोऱ्याने एक वही बांधली आणि वर लिहिलं, 'वेटिंग लिस्ट'. जे हवंसं वाटेल ते तारखेसह तिथे लिहायचं. पंधरा दिवस थांबायचं. सोळाव्या दिवशी ज्याने लिहिलं त्यानेच ठरवायचं, कन्फर्म की कॅन्सल. दूध, भाजी, औषधं, बाळाच्या शाळेचं, यांना पास आहे, त्यांना थांबावं लागत नाही. पोह्यांनाही पास. बाकी कोणालाही तत्काळ कोटा नाही, यांनासुद्धा नाही. यांनी पहिल्या आठवड्यात 'भिंतीत तार कुठे आहे ते दाखवणारं यंत्र' असं लिहिलं. भाड्याच्या घरात. पंधराव्या दिवशी स्वतःच रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरांत 'नव्या घरी बघू'.

पाच महिन्यांत चौसष्ट नोंदी झाल्या. एकोणीस कन्फर्म, अडतीस कॅन्सल, सात अजून रांगेत. कॅन्सल झालेल्यांत बहुतेकांची गंमत अशी की रेघ मारायला गेलं तर कोणी लिहिलं तेच आठवत नाही. 'निळं, काचेचं, दोन' अशी एक नोंद आहे. अक्षर माझं आहे. मला शपथ घेऊन सांगता येणार नाही ते काय होतं.

सगळं जमलं असं समजू नका. जूनमध्ये मी छत्री वेटिंगला टाकली आणि तीनदा भिजले. मुलाचे हेडफोन पंधरा दिवसांत सहाशे रुपयांनी महागले, तो अजून मला ते ऐकवतो. नातवाने वहीत क्रेयॉनने 'डायनासोर खरा' असं लिहिलं आहे. तो सोळाव्या दिवशी कन्फर्म झाला, आता अंमलबजावणीचा पेच आहे.

थांबल्यामुळे एक गोष्ट मात्र झाली जी आधी होत नव्हती. मिक्सर बंद पडला. १९९४ चा, माझ्या बोनसचा. चालू केला की जळका वास यायचा आणि आत ठिणग्या दिसायच्या. दुकानात गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, 'जुना द्या, नवीनवर पाचशे सूट.' सवयीने हो म्हणणार होते. पण मिक्सर वहीतून जायला हवा, म्हणून घरी आले आणि लिहिला. पंधरा दिवस चटणी पाट्यावर वाटली. त्या पंधरा दिवसांत नौपाड्यातल्या जुन्या शेजारणीने सांगितलं, अमुक गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री बसतो. मी टीएमटीच्या बसने मिक्सर मांडीवर घेऊन गेले. त्याने तो उलटा केला, चार स्क्रू काढले, आतून कोळशाचे दोन लहान तुकडे बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले. एक निम्मा झिजलेला, दुसरा नखाएवढा उरलेला. 'कार्बन ब्रश आहेत. मोटार ठणठणीत आहे.' नवे ब्रश बसवले, भांड्याखालचा कपलर बदलला, एकशे ऐंशी रुपये घेतले. म्हणाला, 'अजून दहा वर्षं. आता असं तांबं घालत नाहीत कोणी.' ते झिजलेले दोन तुकडे मी डबीत ठेवले आहेत. का, ते विचारू नका. बत्तीसावं खोकं होईल म्हणून सून हसते.

संपादक महोदय, इथे माझी आपल्याला एक विनंती आहे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. चांगलं आहे. पण त्यावर कंपन्या आहेत, गल्लीच्या तोंडाशी बसलेला मिस्त्री नाही. त्याचा पत्ता मला शेजारणीकडून कळला, आणि शेजारण पुनर्विकासात कुठल्या कुठे गेली असती तर कळलाही नसता. आपण रोज सोन्या-चांदीचे भाव छापता. आठवड्यातून एकदा अर्धा स्तंभ दुरुस्ती करणाऱ्यांना द्याल का? ठाण्यात मिक्सर कोण दुरुस्त करतं, छत्रीच्या काड्या कोण बसवतं, रफू कोण करतं, कुकरचा वॉल्व्ह, बॅगेची चेन. एका बाजूला अर्धा सोफा येऊ दे, माझी हरकत नाही.

कपड्यांबद्दल एकच सांगते. आमच्या या टॉवरला उन्हाळ्यात टँकर लागतो. दहा हजार लिटरचा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना तो खर्च वेगळा सांगायला नको, देखभालीच्या बिलात दर महिन्याला छापून येतो. एका सुती टीशर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरून, सुमारे २,७०० लिटर पाणी जातं असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे अख्ख्या टँकरमध्ये चार टीशर्टसुद्धा बसत नाहीत. मुलाच्या कपाटात मी मोजले. एकवीस.

जुने कपडे पूर्वी बोहारीण न्यायची. दारात बसून एकेक कपडा उजेडात धरून बघायची, साडीच्या काठावरून घासाघीस व्हायची आणि तीन साड्या, दोन पँटींवर एक पातेलं पदरात पडायचं. इथे गेटवर रखवालदार तिला आत सोडत नाही. पार्सलवाल्यांना सोडतो. त्याच्या टेबलाशेजारी लोखंडी मांडणी आहे, तिच्यावर संध्याकाळी पार्सलं मावत नाहीत म्हणून खाली जमिनीवर खडूने मजल्यांचे आकडे काढले आहेत. पुठ्ठा भंगारवाला आनंदाने नेतो. चिकटपट्टी आणि फुगे असलेलं प्लास्टिक कोणी नेत नाही. असा कचरा पूर्वी कुठे जायचा हे ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या लोकांना विचारा, त्यांनी डंपिंगचा धूर वर्षानुवर्षं गिळला आहे.

एकतीस खोक्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला आहे. देऊन टाका म्हणणं सोपं. घरकामाला येणाऱ्या ताईंना मी खोकं ४७ उघडून दाखवलं, सँडविच टोस्टर नवाकोरा आहे, घेऊन जा म्हटलं. त्यांनी तो हातात घेतला, झाकण उघडून बघितलं, बंद केलं आणि परत माझ्या हातात दिला. 'वहिनी, छान आहे. पण ठेवू कुठे?' त्यांची खोली दहा बाय बाराची. शहाण्णव खोकी भरताना हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. टोस्टर परत ४७ मध्ये गेला.

नव्या घराचा ताबा मिळायला अजून दीड वर्ष आहे, असं बिल्डर म्हणतो. म्हणजे अडीच धरा. तोवर डोंगर इथेच आहे.

वहीत आज माझी एक नोंद तेराव्या दिवसावर आहे. बिडाचा तवा. जुना हातून पडला आणि मधोमध तडकला, बीड सांधता येत नाही असं मिस्त्रीनेही सांगितलं. खोक्यांची वही दोनदा पाहिली, कुठल्याच आकड्यात दुसरा नाही. नॉनस्टिकवर आंबोळीला जाळी पडत नाही, दोन रविवार नुसतेच गेले. परवा कन्फर्म होईल. जांभळी नाक्याला स्वतः जाऊन, वाजवून बघून आणणार आहे. अडीच किलोचा असतो, येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली तर बरं.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
पाचपाखाडी, ठाणे (सध्या मुक्काम मानपाडा)